दोन भोकं आणि एक पिन

मुलांनो, विमानाचा अपघात म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? काळे ढग, कडाडणाऱ्या विजा, पेटलेलं इंजिन... हो ना? पण आज ज्या अपघाताची गोष्ट सांगायची आहे, त्यात यातलं काहीच नव्हतं. ते विमान आकाशात नव्हतं. धावपट्टीवर धावतही नव्हतं. ते चक्क जागच्या जागी उभं होतं! आणि उभ्या उभ्याच ते नाकावर आपटलं.

ही घटना १८ जून २०२१ची. ठिकाण, लंडनचा हीथ्रो विमानतळ. ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७८७ जातीचं विमान जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जायच्या तयारीत होतं. ते फक्त माल घेऊन जाणार होतं, त्यामुळे आत प्रवासी नव्हते. पोटात सामान चढवण्याचं काम चालू होतं. कॉकपिटमध्ये माणसं होती, खाली मेकॅनिक होते. आणि एकाएकी विमानाचं पुढचं चाक मुडपलं, आत गेलं आणि ते भलं मोठं धूड पुढच्या पुढे जमिनीवर बसलं! एखादा उंट पुढचे गुडघे मोडून बसतो ना, अगदी तसं.

हे विमान केवढं असतं ठाऊक आहे? रिकामं असतानाच त्याचं वजन सुमारे १२० टन असतं. म्हणजे चार-चार टनांचे तीस हत्ती! एवढं वजन खाली आलं, तरी सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. सहवैमानिक आणि सामान चढवणारा एक कामगार, अशा दोघांना किरकोळ दुखापत झाली. विमानाचं मात्र बरंच नुकसान झालं. त्याच्या नाकाखालचा भाग चेपला आणि इंजिनांची आवरणंही जमिनीला टेकली.

असं झालं कसं? वाऱ्याने? नाही. यंत्र बिघडलं म्हणून? तेही नाही. एक छोटीशी पिन शेजारच्या भोकात गेली, म्हणून!

कडी, कोयंडा आणि बिजागरी

विमानाची चाकं उडताना पोटात ओढून घेतात आणि उतरताना बाहेर काढतात, हे तुम्हाला माहीत असेल. कॉकपिटमध्ये त्यासाठी एक दांडी असते. दांडी वर केली की चाकं आत, खाली केली की चाकं बाहेर. चाकाचा पाय नीट ताठ राहावा म्हणून त्याला दुमडणाऱ्या दांड्यांचा आधार असतो. आपला हात कोपरात जसा दुमडतो, तशा या दांड्या सांध्यात दुमडतात.

आता विमान जमिनीवर उभं असताना ही चाकं चुकूनसुद्धा आत जाता कामा नयेत. म्हणून कॉकपिटमधल्या त्या दांडीला कुलूप असतं. विमानाचा भार चाकांवर असताना ती सहजासहजी हलत नाही. शिवाय चाकांपाशी काम करताना मेकॅनिक आणखी एक खबरदारी घेतात. ते आधाराच्या दांड्यांमध्ये एक पोलादी पिन घालतात. या पिनेला लांब लाल फीत असते, म्हणजे उड्डाणाआधी ती काढायची राहून जाऊ नये. पिन आत असली की दांड्या दुमडूच शकत नाहीत. आपण कडी लावून कोयंड्यात खिळा अडकवतो, तसाच हा प्रकार.

त्या दिवशी विमानाच्या संगणकावर चाकांच्या यंत्रणेबद्दल दोषाचा संदेश आला होता. त्याबाबत जी कृती ठरलेली असते, तिच्यात चाकांची दांडी वर करून पुन्हा खाली आणणं हा एक टप्पा होता. म्हणजे दांडीचं कुलूप मुद्दाम सोडवायचं, आणि भिस्त पिनांवर ठेवायची. पिना घालायचं काम दोघा मेकॅनिकांकडे आलं. त्यांच्यातल्या मुख्य मेकॅनिकचा हात पुढच्या चाकाच्या भोकापर्यंत पोचत नव्हता. म्हणून त्याने खालून बोट दाखवून सांगितलं, ‘तिथे घाल.’ दुसरा मेकॅनिक शिडीच्या पायऱ्यांवर चढला आणि त्याने पिन घातली.

पण गंमत अशी, की तिथे एक नव्हे, दोन भोकं होती! एक पिनेचं खरं भोक. दुसरं त्याच्या अगदी जवळ, दांड्यांच्या सांध्यातल्या पोकळ खिळ्याचं. पिन त्या दुसऱ्या भोकातही छान बसत होती. आणि तिथेच ती गेली.

आता जरा विचार करा. तुम्ही दाराच्या कोयंड्यात खिळा घालण्याऐवजी बिजागरीच्या नळीत घातलात, तर दार अडेल का? मुळीच नाही! ते त्या खिळ्याभोवती खुशाल फिरेल. इथेही तेच झालं. पिन चुकीच्या जागी आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. कॉकपिटमधली दांडी वर गेली. मागच्या चाकांच्या पिना बरोबर बसल्या होत्या, ती चाकं जागची हलली नाहीत. पुढच्या चाकाला मात्र अडवणारं कोणीच नव्हतं.

‘बेफिकीर कुठले!’

ही हकीकत ऐकून तुमच्यापैकी कितीतरी जण म्हणतील, ‘काय पण मेकॅनिक! साधी पिन नीट घालता येत नाही?’

थांबा. त्या विमानाची आणखी एक गोष्ट ऐका आणि मग बोला.

असाच प्रकार या जातीच्या विमानाच्या बाबतीत आधीही घडला होता. तीच पिन, तेच चुकीचं भोक, तसंच मुडपलेलं चाक! तेव्हा बोइंग कंपनीने त्यावर एक सोपा उपाय शोधला. ते नको असलेलं भोक बुजवूनच टाकायचं! त्यात एक तुकडा बसवला की पिन तिथे जाणारच नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने तसा हुकूमही काढला. तो जानेवारी २०२० पासून लागू झाला. काम पुरं करायला विमान कंपन्यांना ३६ महिन्यांची मुदत मिळाली.

हीथ्रोचा अपघात झाला जून २०२१ मध्ये. म्हणजे मुदतीतले १७ महिने उलटले होते, १९ बाकी होते. कंपनीने कोणताही नियम मोडलेला नव्हता. फक्त त्या विमानाचं भोक अजून बुजवायचं राहिलं होतं.

मग आता सांगा, चूक कोणाची? पिन घालणाऱ्याची? बोट दाखवणाऱ्याची? एकासारखी दोन भोकं शेजारी शेजारी ठेवणाऱ्याची? की एवढी लांब मुदत देणाऱ्याची? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, खरं ना?

युद्धातलं कोडं

असंच एक कोडं ऐंशी वर्षांपूर्वी, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला पडलं होतं. त्यांचं बी-१७ नावाचं चार इंजिनांचं बाँबफेकी विमान फार मजबूत. त्याला ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, म्हणजे उडता किल्लाच म्हणत. पण हा किल्ला मधूनच एक विचित्र प्रकार करायचा. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवरून धावायचं, सगळे हुश्श करायचे... आणि मग एकदम चाकं आत जाऊन विमान पोटावर घसरायचं!

चौकशीत दर वेळी एकच गोष्ट निघे. विमान उतरवताना पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा खाली सोडतात. यांना फ्लॅप म्हणतात. विमान जमिनीला टेकलं की या झडपा परत वर घ्यायच्या असतात. वैमानिक फ्लॅपची कळ दाबायला जायचे आणि चाकांची कळ दाबून बसायचे. वरिष्ठांनी शेरा मारला, ‘वैमानिकाची चूक.’ झालं, कागद बंद. पण शेरे मारून चुका काही थांबेनात.

मग हे काम अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे आलं. युद्धाच्या काळात तो अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. त्याने एक साधा प्रश्न विचारला. ही चूक सगळ्याच विमानांत होते का? उत्तर आलं, नाही! बी-१७, बी-२५, पी-४७ या विमानांत ती वारंवार होते. पण सी-४७ या मालवाहू विमानात होत नाही. (हे विमान आपल्याकडे ‘डाकोटा’ या नावाने ओळखलं जातं.)

बघा हं, वैमानिक त्याच देशाचे, शिकलेलेही सारखेच. मग डाकोटाचे वैमानिक तेवढे हुशार आणि बी-१७चे तेवढे वेंधळे, असं कसं होईल? चापानिस कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि त्याला उत्तर सापडलं. बी-१७मध्ये फ्लॅपची कळ आणि चाकांची कळ अगदी शेजारी शेजारी होत्या, आणि दिसायला जुळ्या बहिणी! डाकोटात तसं नव्हतं. लांबच्या मोहिमेवरून थकून परतलेला माणूस, नजर समोरच्या धावपट्टीवर, हात सवयीने कळीकडे गेलेला. अशा वेळी बोट दोन इंच इकडेतिकडे पडायला कितीसा वेळ लागतो?

चापानिसचा उपाय एखाद्या शाळकरी मुलालाही सुचावा इतका सोपा होता. चाकांच्या कळीला त्याने छोटं रबरी चाक बसवलं. फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा, म्हणजे फ्लॅपच्याच आकाराचा तुकडा बसवला. आता अंधारात, न बघता, नुसत्या स्पर्शानेही कळावं, की आपल्या हातात काय आहे!

आणि हा उपाय आजही टिकून आहे. मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखी आणि फ्लॅपच्या दांडीची मूठ फ्लॅपसारखी असावी, असा अमेरिकेचा नियमच आहे. पुढच्या वेळी एखाद्या मासिकात कॉकपिटचा फोटो दिसला, तर हे छोटं चाक नक्की शोधा.

युद्धानंतर, १९४७ मध्ये, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघा संशोधकांनी वैमानिकांकडून अशा चुकांच्या ४६० हकिकती गोळा करून तपासल्या. सगळ्यांत मोठा गट कोणता निघाला? एका कळीच्या जागी दुसरीच कळ ओढण्याचा! म्हणजे वेंधळा कोणी एकटादुकटा नव्हता. सापळाच असा मांडलेला होता, की आज ना उद्या कोणीतरी त्यात सापडणारच.

रडणारी कामगार आणि दोन स्प्रिंगा

आता विमानतळावरून जरा एका कारखान्यात जाऊ. जपानमध्ये शिगेओ शिंगो नावाचे एक इंजिनिअर होते. १९६१ मध्ये ते एका कारखान्यात गेले. तिथे दोन बटणांचा एक छोटा स्विच तयार होत असे. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग घालायची. काम अगदी सोपं. पण कधीकधी कामगार एक स्प्रिंग घालायला विसरत. मग साहेब ओरडत. चार दिवस काम नीट होई, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शिंगोंनी ओरडणं बंद करायला सांगितलं आणि एक ताटली मागवली! स्विच जोडायला घेण्याआधी डब्यातून मोजून दोन स्प्रिंगा काढायच्या आणि ताटलीत ठेवायच्या. मग स्विच जोडायचा. काम संपल्यावर ताटलीत एक स्प्रिंग उरली, तर? अर्थात, एक घालायची राहिली! विसरणं थांबलं असं नाही, पण विसरलो हे तिथल्या तिथे कळू लागलं.

अशा युक्त्यांना जपानमध्ये सुरुवातीला जे नाव होतं, त्याचा अर्थ ‘मूर्खांपासून बचाव’ असा होता. शिंगोंनीच सांगितलेली हकीकत अशी, की १९६३ मध्ये एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार बाई रडूच लागली. ‘मी काय एवढी मूर्ख आहे?’ असं तिला वाटलं. शिंगोंना ते पटलं. मूर्ख नसलेली माणसंही चुकतात की! म्हणून त्यांनी नाव बदललं आणि ‘पोका-योके’ असं ठेवलं. म्हणजे ‘नकळत होणाऱ्या चुकांपासून बचाव’. आज जगभरच्या कारखान्यांत हा शब्द चालतो.

असे पोका-योके तुमच्या घरातही आहेत. इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग बघा. त्याची वरची पिन जाड आणि लांब का असते? म्हणजे प्लग उलटा घालता येत नाही, आणि अर्थिंगची जोडणी सगळ्यांत आधी होते. आईबाबांच्या मोबाइलमधल्या सिम कार्डाचा एक कोपरा कापलेला का असतो? म्हणजे ते उलटं बसूच नये! हीथ्रोच्या विमानात भोक बुजवणारा तो तुकडाही याच जातीचा.

सांगितलेली चूक, लपवलेली चूक

पण मुलांनो, भोक बुजवायचं तर आधी ते कोणाला तरी कळायला हवं. आणि ते कळणार कधी? चुकलेला माणूस ‘असं असं झालं’ म्हणून खरं सांगेल तेव्हा. तो भीतीने गप्प बसला तर?

याचं फार मोठं मोल अमेरिकेने एकदा मोजलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरायला येत असताना डोंगरावर आदळलं. सगळेच्या सगळे ९२ लोक गेले. नकाशा आणि उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावताना गोंधळ झाला होता आणि विमान वेळेआधीच खाली आलं होतं. नंतर कळलं, की साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचा त्याच ठिकाणी अगदी असाच गोंधळ झाला होता. ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी प्रामाणिकपणे आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण ही गोष्ट त्या कंपनीच्या बाहेर पोचलीच नाही.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेने एक व्यवस्था सुरू केली. वैमानिक, मेकॅनिक किंवा विमानतळावर काम करणारं कोणीही आपल्या हातून झालेली किंवा होता होता राहिलेली चूक तिथे लिहून कळवू शकतं. ही पत्रं नासा ही संस्था घेते, लिहिणाऱ्याचं नाव काढून टाकते आणि त्यातला धडा सगळ्यांना कळवते. चंद्रावर माणूस पाठवणारी नासा लोकांच्या चुकांची पत्रंही इतक्या काळजीने जपते!

विमान अपघातांच्या तपासाबद्दल एक आंतरराष्ट्रीय नियमही आहे. तो म्हणतो, तपासाचा हेतू एकच, असा अपघात पुन्हा होऊ नये. कोणाला दोषी ठरवणं हा त्याचा हेतू नव्हे. भारतातही २०१२ पासून अशा तपासासाठी वेगळी संस्था आहे.

म्हणजे मेकॅनिकांची काहीच जबाबदारी नव्हती का? होती तर! पिन घातल्यावर ती हाताने चाचपून, चित्राशी ताडून बघणं त्यांचंच काम होतं. ‘तिथे’ असं नुसतं बोट दाखवून भागत नाही, हाही धडा आहेच. आपलं काम दोनदा तपासायचं, ही सवय कोणत्याही पिनेपेक्षा मोठी. पण उद्या त्या दोघांना कामावरून काढलं आणि भोक तसंच ठेवलं, तर परवा तिसरा कोणीतरी तिथेच चुकेल. म्हणून शहाणी माणसं चुकणाऱ्याला सावध करतात, आणि त्याच वेळी भोकही बुजवतात.

आता तुमची पाळी

या रविवारी एक काम करा. आईबाबांना बरोबर घ्या आणि घरातली ‘दोन भोकं’ शोधा. म्हणजे अशा जागा, जिथे शहाणा माणूसही घाईत चुकू शकेल. सरबताच्या रिकाम्या बाटलीत फिनेल भरून ठेवलंय? तहानलेल्या धाकट्या भावाला त्या दोन बाटल्यांतला फरक कसा कळणार? ती बाटली आजच्या आज हलवा; फिनेल त्याच्या मूळ डब्यातच आणि उंचावर हवं. आजीची डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आणि कानात घालायच्या औषधाची बाटली एकाच आकाराच्या आहेत? एकीला जाड रबरबँड लावा आणि दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवा. चष्म्याशिवायही आजीच्या हाताला कळेल. मिठाचा आणि पिठीसाखरेचा डबा जुळे आहेत? चापानिसला आठवा!

आणि स्वतःचीही एखादी नेहमीची चूक तपासा. गणिताची वही दर मंगळवारी घरी राहते का? मग ‘मी विसरभोळाच’ म्हणून गप्प बसू नका. शिंगोंची ताटली कुठे ठेवता येईल, ते शोधा. रात्रीच वह्या मोजून दप्तराशेजारी ठेवल्या, तर सकाळी जमिनीवर उरलेली वही आपणहून ओरडून सांगेल, ‘मी राहिले!’

पालकांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन ‘माझ्याकडून असं झालं’ म्हणते, तेव्हा आपला पहिला प्रश्न कोणता असतो? ‘तू असं केलंसच कसं?’ हा, की ‘कसं झालं ते सांग बरं’ हा? दोन्हींत शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पहिला ऐकून मूल पुढची चूक लपवायला शिकतं. दुसरा ऐकून ते पुढची चूकही येऊन सांगतं. आणि चूक कळली, तरच भोक बुजवता येतं.